न आटणारी विहीर

कॅथरिनने पांढऱ्या इनॅमलच्या टबात कळशी उपडी केली आणि ती थबकली. पाण्याला हिरवट झाक होती. उद्या लग्नाचं सरबत याच टबात कालवायचं, म्हणून सकाळी तिने तो स्वतः राखेने घासला होता. डोक्यावर मांडवाच्या ताज्या झावळ्या होत्या. त्यांचीच सावली असेल, असं म्हणत तिने टब उन्हात ओढला. उन्हात पाणी आणखी हिरवं दिसलं.

“वयनी, त्याला हात लावू नको.”

फाटकातून क्लेमेंटीन आत येत होती. नवऱ्याची, सॅन्टनची, धाकटी बहीण, म्हणजे कॅथरिनची एकुलती एक नणंद. लेकीचं, रिटाचं लग्न उद्यावर आलेलं, घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि नवरीची सख्खी आत्या ठाण्याहून आता शनिवारी दुपारी उगवत होती. कॅथरिनच्या जिभेवर दोन-चार शब्द तयारच होते. पण क्लेमेंटीनने टबात पाहिलं मात्र, तिचा चेहरा असा उतरला की कॅथरिन ते शब्द विसरून गेली.

“इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं,” क्लेमेंटीन म्हणाली.

“काय येईल?”

“मागच्या खोलीत चल. दादाला आणि सिप्रियनला बोलव. आयला नको.”

‘आयला नको’ असं त्या घरात सहसा कोणी म्हणत नसे. आय म्हणजे मटिल्डा, आणि तिला विचारल्याशिवाय उमेळ्याच्या त्या वाडीत केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. नवरा पास्कल गेल्यापासून वाडी तिने सांभाळली, दोन मुलगे आणि एक मुलगी वाढवली, आणि या सगळ्यांहून जास्त जिवापाड जपली ती विहीर.

विहिरीचं कौतुक तसं जुनंच, पण गेल्या दोन उन्हाळ्यांत त्याला कळस चढला होता. वसईच्या माणसाला पाण्याची एकच परीक्षा ठाऊक: ओंजळीत घ्यायचं आणि जिभेवर ठेवायचं. खाडी जवळ. मचूळ लागलं की विहीर गेली, गोड लागलं की देव पावला. मे महिन्यात आसपासच्या विहिरींचे तळ दिसू लागले, एक-दोन तर मचूळही झाल्या, आणि मटिल्डाची विहीर मात्र नाताळात असावी तशी भरलेली, वर गोड. मटिल्डाने विहिरीजवळच्या क्रूसाला हार घालून आभाराची लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना, म्हणवून घेतली आणि गावाला उकडलेले चणे वाटले. चणे खाऊन झाल्यावर सगळ्यांनी मान डोलावली, की कृपा असावी तर अशी.

देवाची कृपा टेप लावून मोजायला कोणी जात नाही. क्लेमेंटीन गेली, कारण तिची नोकरीच ती. ठाण्याच्या प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची आणि वर्षातून काही वेळा तालुक्यातल्या ठरलेल्या विहिरींची पातळी मोजत फिरायची. त्या ठरलेल्या विहिरींत घरची विहीर नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नाताळात आई फारच फुशारकी मारायला लागली, तेव्हा निव्वळ गंमत म्हणून तिने टेपला खडू फासून तो विहिरीत सोडला होता. गेल्या रविवारी पुन्हा सोडला. खडू नेमका त्याच खुणेपर्यंत भिजला. बाकीच्या विहिरी माणूस-माणूसभर खाली गेलेल्या, आणि ही एकटी तसूभरही हललेली नाही. “बघ, मी म्हनत नव्हती?” म्हणून मटिल्डा हसली. त्याच दिवशी क्लेमेंटीनने बाटलीत पाणी भरून नेलं.

मागच्या खोलीत भाड्याच्या खुर्च्या आणि नारळांची रास यांच्यामधून वाट काढत चौघं उभी राहिली. सॅन्टन दारालाच टेकला. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, गडबडीने घामाघूम झालेला.

“लवकर बोल. बँडवाले येतील, रिटाच्या आंगोळीचं पानी विहिरीवरनं वाजतगाजत आनायचंय.”

“त्याचसाठी बोलावलं. दादा, विहिरीचं पाणी बंद करा. आत्ताच्या आत्ता. त्यात मैला उतरतोय.”

“काय उतरतंय?”

“मैला. संडासाचा. पलीकडच्या बिल्डिंगचा शोषखड्डा आपल्या विहिरीत झिरपतोय. मी नेलेल्या बाटलीचा रिपोर्ट आज सकाळी हातात पडला. आणि विहीर आटत नाही ती त्यामुळेच. एवढ्या घरांचं पाणी रोज खालून तिच्यात येतंय, ती आटेल कशी?”

सॅन्टन हसला. हसू खरं नव्हतं. “काय बोलतेस? पानी गोड हाय. सकाळी तांब्याभर प्यालोय मी.”

“मैला खारट नसतो, दादा.”

सिप्रियनने चष्मा काढून पुसला. तो मधला, फोर्टात बँकेत नोकरीला, आणि घरातल्या प्रत्येक भांडणात दोन्हीकडून मान डोलावण्यात वाकबगार. वाडीचा कोपरा सॅन्टनने बिल्डरला दिला, त्या व्यवहारात तळमजल्याचा फ्लॅट सिप्रियनच्या वाट्याला आला होता. ब्याऐंशीत तो तिथे राहायला गेला, पण पिण्याचं पाणी अजून आईच्याच विहिरीचं न्यायचा.

“पण आमच्याच बिल्डिंगचा खड्डा कशावरून?” त्याने विचारलं.

“तुझ्याच संडासावरून. रविवारी तुझ्याकडे चहाला आले होते ना, तेव्हा त्यात मी हिरवा रंग ओतला. पाणी कुठून कुठे जातं ते बघायला आम्ही वापरतो, त्याने अपाय होत नाही. तो रंग आज वयनीच्या टबात आहे.”

“म्हणजे चहा प्यायला आलीस आणि माझ्या संडासात...” सिप्रियन चिडला. “विचारायची तरी पद्धत!” आणि मग, आपण दोन वर्षं काय पीत आलो हे ध्यानात येऊन, त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवलाच नाही.

कॅथरिन नारळांच्या राशीवर बसली. “गेल्या वर्षी रिटाला कावीळ झाली,” ती हळूच म्हणाली. “स्टेशनवरच्या उसाच्या रसानं झाली म्हनून मी त्या रसवाल्याला चार लोकांत शिव्या घालून आली. ती या पान्यानं झाली?”

“बहुतेक.”

“मग माझ्या पोरीच्या अंगावर हे पानी नाय ओतनार मी. आनि उद्याच्या पाव्हन्यांना पन नाय देनार. ऐकलं का?” हे नवऱ्याला होतं.

“आनि काय देनार? टँकर मागवू?” सॅन्टनचा आवाज चढला. “अख्ख्या आळीला पानी देनाऱ्या घरी लग्नाला टँकर? लोक तोंडात शेन घालतील.”

“दादा, झाकली मूठ सव्वा लाखाची,” सिप्रियन म्हणाला. “मोटार जळली म्हणून सांगायचं. मोटारी जळतात. टँकर येईल, सरबत होईल, कोणाला काही कळणार नाही.”

सॅन्टनने भिंतीवर मूठ आपटली, पण ‘नाही’ म्हणाला नाही. कॅथरिनने डोळे पुसले. घटकाभर वाटलं की सुटलो.

“आणि यशोदाबायला काय सांगायचं?” क्लेमेंटीनने विचारलं.

यशोदा कुंपणापलीकडची. दोन्ही घरांच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी. यांचं नाताळचं ताट तिकडे जायचं, त्यांचं दिवाळीचं इकडे यायचं. यशोदेची विहीर गेली दोन वर्षं चैत्रातच कोरडी पडत होती, आणि तेव्हापासून तिच्या घरात मटिल्डाच्या विहिरीचं पाणी भरलं जात होतं.

“भालूच्या बायकोला आठवा लागलाय,” क्लेमेंटीन म्हणाली. यशोदेचा मुलगा भालचंद्र तिच्या बरोबरीचा, त्याला ती लहानपणापासून भालूच म्हणायची. “यशोदाबाय आत्ता कुंपणाशी भेटली. सुनेच्या पोटात आठवडाभर अन्न ठरत नाही, डॉक्टर पित्त म्हणतोय. दादा, ते पित्त नसणार. पोटुशी बाईला पाण्यातून कावीळ झाली तर बाई हाती लागत नाही. मी ऐकलेली गोष्ट नाही सांगत, आमच्याकडे अशा गावांच्या बाटल्या आल्यात.”

“मग मोठ्या दवाखान्यात ने म्हनून सांग. त्यात विहिरीचं नाव कशाला?”

“आणि तोवर ती काय पिणार? तेच पाणी?”

“सोमवारी सांग. उद्या माझ्या पोरीचं लग्न होऊ दे, सोमवारी चर्चच्या घंटेवर चढून सांग!”

क्लेमेंटीनने कॅथरिनकडे पाहिलं. आत्ता आत्ता ती आपल्या बाजूला होती. पण कॅथरिन जमिनीकडे बघत होती.

“राजोडीची मानसं कशी हायत ते तुला ठाव नाय,” कॅथरिन म्हणाली. “नवऱ्याची आय साखरपुड्यालाच म्हनाली, पोरगी बारीक दिसते, काय दुखनं नाय ना? मी नाय म्हनून सांगितलं. कावीळ लपवली. यशोदाला सांगितलंस की सांजेपर्यंत उमेळ्यात होईल आनि सकाळपर्यंत राजोडीत. मग उद्या वऱ्हाड येईल का ग? दोन दिस, क्लेमेंटीन. मी तुझ्या पाया पडते.”

आणि ती खरोखरच वाकली. क्लेमेंटीनने तिला धरलं. रिटाला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, पहिला पगार झाला तेव्हा पहिला फ्रॉक तिला घेतला होता. क्षणभर तिला वाटलं, खरंच, दोनच तर दिवस. मग कुंपणाशी बोलताना यशोदेच्या हातात असलेली भरलेली घागर तिला आठवली.

“नाही जमणार, वयनी.”

सॅन्टनला राग आला, आणि तो बहिणीचा नव्हता. बिल्डरच्या माणसांनी शोषखड्ड्याची आखणी केली होती ती पलीकडच्या टोकाला, सॅन्टनने राखलेल्या केळीच्या रांगांना लागून. केळीत घाण नको, तिकडे सरकवा, असं त्यानेच मुकादमाला सांगितलं होतं. तिकडे म्हणजे विहिरीकडे. तेव्हा पंधरा-वीस हात अंतर त्याला पुष्कळ वाटलं होतं. आता हे त्याला कोणाला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही म्हणून जे तोंडात येऊ नये ते आलं.

“तुला काय! ना नवरा, ना पोर. दुसऱ्याच्या पोरीचं लग्न मोडायला तुझं काय जातंय?”

“सॅन्टन!”

हा आवाज दारामागून आला. मटिल्डा आंघोळीच्या पाण्याची तांब्याची कळशी शोधत आली होती. कळशी त्याच खोलीत होती, झेंडूच्या माळा गुंडाळून ठेवलेली. ती कधीपासून उभी होती कोण जाणे.

“काय बिघडलं माझ्या विहिरीला?” तिने विचारलं.

मुलग्यांनी माना खाली घातल्या. क्लेमेंटीनने सांगितलं. आईला सांगताना तिने ‘मैला’ हा शब्द गाळायचा प्रयत्न केला, पण त्याला दुसरा शब्द नव्हता.

मटिल्डा मांडवात गेली. टबाजवळ उकिडवी बसली, पाण्यात बोटं बुडवली आणि उभ्या जन्माच्या सवयीने ती जिभेकडे नेली. क्लेमेंटीनने धावत जाऊन तिचं मनगट पकडलं.

मटिल्डाला मनगट सोडवून घ्यावंसं वाटलं. मुलीच्या कानाखाली द्यावी असंही वाटलं. या विहिरीच्या पाण्याने तिने तीन मुलांना न्हाऊ घातलं, मरणाऱ्या नवऱ्याच्या तोंडात शेवटचा चमचा घातला. गावात तिच्याकडे पैसाअडका फार नव्हता, पण तिच्याकडून कोणी तहानलेला गेला नाही, हा तिचा गर्व होता, आणि गर्व हे पाप आहे असं फादर दर वर्षी ईस्टरआधीच्या उपवासांत सांगत आले तरी तो तिने सोडला नव्हता. आणि ती आभाराची लदीन! देवाने काय म्हटलं असेल तिला?

“यशोदा मागायला नव्हती आली,” ती म्हणाली. “मीच गेली. म्हटलं, माझी विहीर असताना तू लांबून पानी वाहतेस, शोभतं का? मीच.”

“आय, कोणाला ठाऊक होतं?” सिप्रियन म्हणाला.

“सोमवारी सांगू, आय,” सॅन्टन जवळ येऊन बसला. मघाचा आवाज गेला होता. “मी सोता सांगीन. तुझ्या पहिल्या नातीचं लग्न हाय. दोन दिस.”

मटिल्डाने त्याच्याकडे पाहिलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या रिटाकडे. रिटाच्या हातावरची मेंदी अजून ओली होती. रस्त्याच्या वळणावर बँडचा ढोल वाजला.

“कळशी आन,” मटिल्डा कॅथरिनला म्हणाली. “बायकांना बोलव.”

सॅन्टनने श्वास सोडला. क्लेमेंटीन खांबाला टेकून उभी राहिली. आईने आपल्याला एकटं पाडलं, हे तिला इतकं लागलं की डोळ्यांत पाणी आलं. तरीही ती मिरवणुकीमागे निघाली. आई वळली की आपण कुंपणाकडे जायचं आणि सांगायचं, मग जन्मभर या घरात पाय ठेवायला मिळाला नाही तरी चालेल, असं तिने ठरवलं.

मिरवणूक झोकात निघाली. पुढे मटिल्डा, हातात माळा घातलेली रिकामी कळशी. मागे लाल-हिरव्या लुगड्यांतल्या बायका, त्यांच्या मागे बँड. जुन्या बायकांनी गाणं धरलं. विहीर आली, क्रूस आला, बायका कठड्याशी थांबल्या. मटिल्डा थांबली नाही. ती कुंपणातून पलीकडे गेली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बँडवाल्यांना तर एवढंच ठाऊक, की कळशी जिकडे तिकडे आपण. ते वाजवत वाजवत तिच्या मागे गेले आणि बायका बँडच्या मागे.

यशोदा ओटीवर फुलं निवडत बसली होती. एवढी वरात दारात बघून ती हरखली.

“या, या, मटिल्डाबाय! आज आमच्या दारी?” ती लगबगीने आत गेली आणि रीतीप्रमाणे गूळ आणि तांब्या-भांडं घेऊन आली. तिने भांडं भरून मटिल्डापुढे धरलं.

मटिल्डाने भांडं घेतलं आणि अंगणात ओतून दिलं. मग यशोदेच्या हातातला तांब्या घेऊन तोही ओतला. बँड एकेक वाद्य करत गप्प झाला. दारी आलेल्याने दिलेलं पाणी ओतून टाकावं, असं त्या अंगणात कधी घडलं नव्हतं.

“हे पानी माझं,” मटिल्डा म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या बाईपर्यंत पोचत होता. “माझ्या विहिरीत बिल्डिंगचा मैला येतोय. आज कळलं. तुझी सून त्यानंच आजारी हाय. घरातला सगळा भरना ओतून टाक, यशोदे. मी तुला घान पाजली.”

यशोदेला समजायला वेळ लागला. मग ती वळून आत धावली. आतून भालचंद्र बाहेर आला, त्याने क्लेमेंटीनला गर्दीत शोधलं. “कधीपासून ठाऊक होतं तुला?”

“रिपोर्ट आज आला, भालू. तिला आत्ता मोठ्या दवाखान्यात ने. उद्यावर टाकू नको.”

सून दोघांच्या आधाराने ओटीवर आली. उजेडात तिचे डोळे सगळ्यांनाच दिसले. हळदीसारखे पिवळे. पोट दोन्ही हातांनी धरलेलं. कॅथरिनने तिच्याकडे पाहिलं आणि तिला गेल्या वर्षीची रिटा दिसली.

“गाडी काढा,” ती सॅन्टनला म्हणाली.

“कुठली गाडी?”

“नवरीची. दुसरी कुठली हाय?”

उद्यासाठी ठरवलेली फियाट रस्त्यावर उभी होती, रिबिनी लावून तयार. सॅन्टनने एकदा बायकोकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि तो पळत सुटला. एवढ्या आडव्या माणसाला पळताना गावाने प्रथमच पाहिलं. गाडी आली. क्लेमेंटीन पुढे बसली, डॉक्टरला नीट सांगायला कोणीतरी हवंच होतं. मटिल्डा सुनेच्या मागोमाग गाडीत शिरू लागली, तेव्हा यशोदेने हात आडवा धरला.

“तुमी नको,” ती म्हणाली. “दोन वर्सं तिन्हीसांजेला दिवा लावताना तुमच्या विहिरीचं नाव घेतलं मी. आता तुमी नको.”

दार लागलं. गाडी गेली. मटिल्डा तिथेच उभी राहिली. बायका कुजबुजत होत्या, त्यातली एक राजोडीला मोठ्या बहिणीकडे जाणारी होती, हे मटिल्डाला दिसत होतं. ती पोर वाचेल की नाही, उद्या वऱ्हाड येईल की नाही, यातलं काहीच आता तिच्या हातात नव्हतं.

बँडमास्तर पुढे आला. “बाय, आता काय करायचं? पानी कुठनं घ्यायचं?”

मटिल्डाने रस्त्याकडे पाहिलं. विठ्ठलचं घर, त्यापुढे सेबॅस्टियनचं, त्यापुढे आणखी. यातली निम्मी घरं उन्हाळ्यात तिच्याच विहिरीवर यायची.

“वाजवू नका,” ती म्हणाली. “नुसते मागून या.”

ती विठ्ठलच्या दारात गेली. विठ्ठलची बायको बाहेर आली, तेव्हा मटिल्डाने आधी विहिरीचं सांगितलं, सगळं, एक शब्द न गाळता. ते सांगून झाल्यावर तिने रिकामी कळशी पुढे केली.

“माझ्या नातीच्या आंगोळीला पानी हवंय,” ती म्हणाली. “तुझ्या विहिरीला असेल तर थोडं दे.”